धावजीचं बोलणं माझ्या पोटात राहिलं

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा कुणाच्या तरी टीव्हीचा मोडका रिमोट दिसतो. असं म्हणणारे पुष्कळ भेटले, मी मनावर घेत नाही. मी माणसांचा आवाज टिपून ठेवणारा एक जुना रेकॉर्डर आहे. राळेगावच्या एका खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझी एक कळ बसली आहे, काचेला तडा गेला आहे आणि तोंडावरच्या जाळीत शेतातली काळी माती कायमची घर करून बसली आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डब्यातून बाहेर आलो तेव्हा समोर उज्ज्वला आणि संघर्ष होते. उज्ज्वला बंजारा तांड्यावरची मुलगी, संघर्ष राळेगावातलाच. दोघं मिळून 'धुऱ्यावरून' या नावानं पॉडकास्ट चालवत. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. एक कार्यक्रम वऱ्हाडीत, एक बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, एक कोलामीत. लोक ते मोबाइलवर ऐकत. या सगळ्याला मालक कुणी नव्हता आणि जाहिरात घ्यायची नाही असं ठरलेलं होतं. ऐकणारेच आम्हाला पोसत. कुणी जमेल तसे पैसे पाठवी, कुणी तुरीची डाळ आणून देई, बाभुळगावच्या बाबारावांनी आपली राळेगावातली खोली फुकट दिली होती. मलाही ऐकणाऱ्यांनीच वर्गणी काढून घेतलं होतं, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच असे.

आमचा एक नियम होता. ज्याचा आवाज टिपला, त्याला तो आधी ऐकवायचा आणि त्यानं हो म्हटलं तरच सगळ्यांना पाठवायचा. याआधी एका च्यानलवाल्यांनी तांड्यातल्या बायकांचं बोलणं हवं तसं कापून दाखवलं होतं, तेव्हापासून संघर्षनं हा नियम घालून घेतला. बाबारावांनी स्वतःला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते तोंड वाकडं करून म्हणाले, "हा आवाज माहा नाही ना बाप्पा! हा त एखादा म्हातारा बोलून राह्यला." आम्ही सगळे खूप हसलो. या नियमामुळेच लोक माझ्यापुढे मोकळेपणानं बोलत. मुकुटबनकडचा पूनमसिंग तर आमचा पक्का ऐकणारा होता. दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं फवारणी करताना फोन सदऱ्याच्या खिशात घालायचा आणि आमचा कार्यक्रम लावून द्यायचा.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीच्या धास्तीनं जो तो फवारत सुटला होता. फवारा वर मारावा लागे आणि तो मारणाऱ्याच्याच तोंडावर पडे. माणसं एकामागून एक दवाखान्यात जाऊ लागली. तांड्यात मात्र सगळे म्हणत, उपाशीपोटी काम केलं, भोवळ आली.

त्या दिवसांत पूनमसिंगच्या बहिणीचा नवरा, धावजी, यवतमाळच्या दवाखान्यात होता. तोही मजुरीनं फवारणी करी. त्याची बायको सुखीबाई औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेली होती. उज्ज्वलानं मला त्याच्या तोंडाशी धरलं.

"हे उपाशीपोटीचं चक्कर नोहे, बाई," धावजी धापा टाकत म्हणाला. "दोन डब्यांतलं औषध एकात मिसळून मारलं आमी. पह्यले डोळे चुरचुरतात, मंग तोंडाले पाणी सुटते. तवाच पंप खाली ठेवा म्हना, आंग धुवा. एवढी ओळ मारून घेतो म्हनान, त मरान."

ज्या शेतात हे झालं त्याच्या मालकाचं नावही त्यानं घेतलं. मग त्याला खोकला आला आणि उज्ज्वलानं मला बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती ऐकवायला आली, तर धावजी बेशुद्ध होता. नाकातोंडात नळ्या होत्या.

खोलीवर दोघांचं चांगलंच वाजलं.

"मालकाचं नाव गाळून पाठवून देऊ," संघर्ष म्हणाला. "जिवाची गोष्ट हाय."

"नाव गाळलं तरी तांडा आवाज ओळखते," उज्ज्वला म्हणाली. "उद्या त्याले कोनी कामाले बलावनार नाही. त्याले न ऐकवता वाजवू, मंग आपल्यात अन् त्या च्यानलवाल्यांत फरक काय राह्यला? थोडं थांबू. शुद्धीवर येईल तो."

नियम संघर्षचाच होता, त्यानं तिचं ऐकलं. त्या आठवड्यात गोरबोलीच्या कार्यक्रमात मुलींनी म्हटलेली तीजेची गाणी गेली. तीज म्हणजे बंजारा मुलींचा श्रावणातला सण, त्याचेच दिवस होते, गाणी फार गोड होती. उज्ज्वलानं मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, कुणी कळ दाबल्याशिवाय तोंडही उघडता येत नाही. पोटात ते बोलणं घेऊन मी अंधारात पडून राहिलो. असा राग मला पुन्हा कधी आला नाही.

बातमी बाबारावांनी आणली. पूनमसिंग फवारता फवारता पडला होता. डोळे चुरचुरतात असं सोबत्यांना म्हणाला होता, पण ओळ पुरी करूनच येतो म्हणून परत गेला. त्याला धुऱ्यावर आणलं तेव्हा खिशातल्या फोनवर तीजेची गाणी चालूच होती. दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

पुढं धावजी शुद्धीवर आला. त्याची नजर अधू झाली, पण जीव वाचला. उज्ज्वलानं मला त्याच्या कानाशी धरलं. त्यानं आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"बराबर हाय. ऐकव सगळ्याइले," तो म्हणाला. "पूनमसिंगनं ऐकलंच असंन? तो त एक सोडत नाही."

उज्ज्वलानं कळ दाबून मला बंद केलं. सुखीबाई पायथ्याशी बसली होती. नवऱ्याला सोडून तिला भावाचं तोंडही पाहायला जाता आलं नव्हतं. तीच शेवटी म्हणाली, "त्यानं तीजेची गानी ऐकली. पूनम गेला आपला."

धावजीनं अंदाजानं उज्ज्वलाकडे तोंड वळवलं. "मले इचारासाठी थांबले तुमी?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ते बोलणं सगळीकडे गेलं. कितीतरी जणांनी ऐकून पंप खाली ठेवले, असे निरोप आले. आमचा नियम आजही आहे, पण जिवाची गोष्ट असेल तर ती आधी जाते, विचारणं मागून होतं. उज्ज्वला आता तीजेची गाणी टिपायला जात नाही, संघर्ष जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखे म्हातारे तुम्हाला नेहमी सांगतात. मला तर फार जपलं, मऊ फडक्यात ठेवलं. मला जपू नका, पडू द्या, धूळ खाऊ द्या. पण कुणी धापा टाकत तुम्हाला काही सांगितलं, तर ते त्याच दिवशी पुढच्या माणसापर्यंत पोचवा.