दोनदा बदललेलं पाणी

"गोळ्या सगळ्या जागच्या जागी आहेत, काका. एकही जास्तीची गेलेली नाही," म्हणत सोक्षमोक्षबाईंनी औषधांचा डबा मिटला.

शिंपीकाका गेलेल्या बायकोच्या पलंगाशी मान खाली घालून बसले होते. "मग रक्तात एवढं औषध आलं कुठून? कुठून तरी मिळवून घेतलंच असणार तिनं. 'आता पुरे झालं' म्हणायची ना सारखी."

"तसं तर मीही रोज सकाळी ऑफिसला निघताना म्हणते."

बाईंचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. औषधानं कुणी दगावलं, की बाई चौकशीला त्याच्या घरी जायच्या आणि चुकून की जाणूनबुजून, याचा सोक्षमोक्ष लावूनच परतायच्या. बाई मोठ्या खमक्या. रडणाऱ्याला पाणी द्यायच्या, पण प्रश्न काही सोडायच्या नाहीत.

"दुखणं थांबवायला पाठीवर औषधाची पट्टी चिकटवलेली असायची, ती कोण लावायचं?"

"मीच. जुनी काढायची, मग नवी लावायची. नर्सनं शिकवलंय. त्यात कसूर नाही."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"कळा फार येत होत्या. मग गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. लग्नापासून मीच शेकतोय तिला. दोनदा पाणी बदललं, चांगलं कढत." म्हाताऱ्याच्या आवाजात जरा अभिमान आला.

"पट्टीवरच शेकलंत?"

"दुखत तिथंच होतं ना."

बाईंना उलगडा झाला. शेक लागला की त्या पट्टीतलं औषध भसाभसा अंगात उतरतं. नर्स एवढं एकच सांगायला विसरली असणार. बाईंचा चेहरा पाहून दारात उभ्या असलेल्या लेकीलाही ते उमगलं. तिनं डोळ्यांनीच विनवलं, नका सांगू.

बाईंना दया आली नाही असं नाही. पण बायको आपल्याला कंटाळून आपणहून गेली, हे उराशी धरून या माणसानं उरलेला जन्म काढायचा? त्यापेक्षा खरं बरं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"काका, शेकामुळं पट्टीतलं औषध एकदम अंगात गेलं. काकूंनी काहीही केलेलं नाही. हे चुकून झालं."

"म्हणजे माझ्या हातून."

"हो. तुमच्या हातून. मायेपोटी."

लेक पुढं येऊन वडिलांना बिलगली.

"शेकून झाल्यावर म्हणाली, 'आता बरं वाटतंय, तुम्हीही आडवे व्हा,'" काका म्हणाले. "मला आपलं वाटत होतं, निरोपच घेतला तिनं. तिला खरंच बरं वाटत होतं तर."

आणि मग ते लहान मुलासारखे रडले. बाई थांबून राहिल्या.

त्या निघाल्या तेव्हा काका भिंतीला धरून उठले, सदरा नीट केला.

"माझ्या हातून झालं, असंच लिहा बाई," ते म्हणाले. "ती आपणहून गेली, असं कुठं राहायला नको."