ओळख दाखवायची नाही

भोंगा घरात आली तेव्हा मी एकच अट घातली होती, माझ्या शिलाई मशीनच्या खोलीत तिनं पाऊल ठेवायचं नाही. आता ती त्याच खोलीत, इस्त्रीखाली अंथरायच्या माझ्या घोंगडीवर झोपते आणि मी जेवणाच्या टेबलावर इस्त्री करते. अट मोडली असं मी मानत नाही. खोली तिला दिली, एवढंच.

भोंगा म्हणजे कुत्री. नाव ठेवणाऱ्यांनी फक्त आवाज ऐकला, बाकी काही पाहिलं नाही. दिवसभर भुंकते म्हणून पहिल्या मालकांनी तिला प्राण्यांच्या निवाऱ्यात सोडून दिलं होतं. माझी सून अग्निशमन दलाच्या शोधपथकात आहे. इमारत कोसळली की ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे, ते कुत्र्याच्या नाकानं शोधायचं हे तिचं काम. ज्या भुंकण्यापायी बिचारीचं घर सुटलं, त्याच भुंकण्यावर ही बाई भाळली. "आई, ही दमतच नाही हो!" असं कौतुकानं सांगत आली. माझ्या बोलण्याचं असं कौतुक तिनं आजवर केलेलं नाही.

या कुत्र्यांना शिकवायला लपणारी माणसं लागतात. पथकातल्या सगळ्यांचे वास भोंगाला पाठ झाले, शेजारीपाजारी एकेकदा लपून झाले, मग सुनेची नजर माझ्यावर गेली. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या सासूला सिमेंटच्या पाइपात बसवायचं म्हणजे हिंमतच. मी आधी रुसले, मग गेले. दहा मिनिटं अंधारात बसल्यावर बाहेर नखांचा आवाज झाला, पाइपाच्या तोंडाशी एक ओलं नाक आलं आणि तिनं भुंकण्याचा असा काही सपाटा लावला की माझ्या कानठळ्या बसल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. घरात मी दिवसभर समोरच असते. मुलगा विचारतो ते, "आई, चार्जर कुठंय?" आई कुठंय, असं विचारायची वेळ त्याच्यावर येत नाही.

सापडलेल्या माणसानं कुत्र्याला फक्त खेळणं द्यायचं, असा नियम. खेळणंही मीच शिवलेलं, चार पदरी कॅनव्हासची जाड पट्टी, दोन्ही टोकांना गाठी. मी खेळणं द्यायचे आणि वर गुपचूप एक बिस्किट. दर वेळी.

बिंग फुटलं ते भोंगामुळेच. सरावात ती ढिगारा सोडून माझा माग काढायला लागली. एकदा मी बाकावर उघड बसलेली असताना समोर येऊन भुंकली. मी हसले. सून हसली नाही.

"आई, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. समोर दिसणाऱ्या माणसावर भुंकली की नापास. एकदा झालीय. परत झाली तर पथक तिला ठेवणार नाही."

"मग आपण ठेवू."

"इमारतीतले लोक ती कामावर आहे म्हणून आवाज सहन करतात. काम गेलं की परत निवाऱ्यात. तुम्ही त्या दिवशी तिकडे फिरकूसुद्धा नका."

"मला काय हौस आहे?" मी म्हटलं. हौस होतीच.

परीक्षेच्या सकाळी सुनेचा फोन आला. खेळणं वॉशिंग मशीनवर राहिलं होतं. त्याच्याशिवाय भोंगा काम करत नाही. "फाटकावर द्या आणि तशाच परत जा," तिनं बजावलं. मी टॅक्सीनं गेले, फाटकावर खेळणं दिलं आणि दोन मिनिटं बघते म्हणून बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभी राहिले.

पाडलेल्या कारखान्याचा ढिगारा होता. आत दोन माणसं लपलेली, वेळ पंधरा मिनिटं. परीक्षकांच्या गळ्यात शिट्टी. वारा माझ्या पाठीकडून ढिगाऱ्याकडे वाहत होता, हे लक्षात यायला शोधपथकात असावं लागतं. मी जन्मभर कपडे शिवले.

पहिला माणूस भोंगानं चार मिनिटांत शोधून काढला. दुसऱ्यासाठी ती एका स्लॅबवर चढली आणि थांबली. नाक वर केलं. वळली आणि थेट माझ्याकडे आली. सुनेनं मला पाहिलं. तिचा चेहरा बघून मी पर्स पाठीमागे घेतली. हाक मारून कुत्रं परत बोलवायला परीक्षेत मनाई होती. भोंगा माझ्यासमोर बसली, छाती फुगवली. भुंकायच्या आधी ती तशीच फुगवते. माझ्या पर्समध्ये सवयीनं बिस्किटांचा पुडा होताच.

फिटिंगसाठी चार-चार खेपा घालणारी गिऱ्हाइकं बाजारात भेटली की भलतीकडे बघत जातात. तो चेहरा मला तोंडपाठ आहे. मी तोच केला. ओठ मिटले, मान वर, नजर समोरच्या विजेच्या खांबावर. कोण तू? मी ओळखत नाही तुला. आतून मला रडू येत होतं.

खाली शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मग थांबली. मी खांब सोडला नाही. बऱ्याच वेळानं नखांचा आवाज लांब गेला, आणि बाराव्या मिनिटाला ढिगाऱ्याच्या पार पलीकडून ते भुंकणं सुरू झालं. शिट्टी वाजली. पास.

सूनबाईंनी मला फाटकापाशी गाठलं. आता माझी खरडपट्टी निघणार, असं वाटलं.

"खांबावर काय होतं एवढं?" तिनं विचारलं.

"तारा मोजत होते."

तिनं माझा हात घट्ट धरला आणि टॅक्सी येईपर्यंत सोडला नाही.

घरी मात्र भोंगानं मला ओळख दाखवली नाही. बिस्किट नाकाशी धरलं तरी तोंड फिरवलं. दोन दिवस ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडे बघत होती. एवढ्या शिस्तीत माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनच्या खोलीतलं कपाट उघडलं, खालचे तागे बाहेर काढले, आत शिरले आणि दार ओढून घेतलं. गुडघ्यांनी नको नको ते ऐकवलं. बाहेर मुलगा "आई, चार्जर कुठंय?" करत या खोलीतून त्या खोलीत गेला. मग थांबला.

"आई?" तो म्हणाला. "अगं, आई कुठंय?"

खिडकीच्या कट्ट्यावरून कुणीतरी घरात उडी मारली. फरशीवर नखं वाजली, कपाटाच्या फटीशी श्वास ऐकू आला, आणि मग सगळी इमारत दणाणली.

मुलानं दार उघडलं. "आई! आत काय करतेस?"

"सापडतेय," मी म्हटलं. "तू हो बाजूला, तिला आत येऊ दे."