पाचवा रकाना

घोषणापत्रात सात रकाने होते आणि सातही रकान्यांत वनमालाबाईंनी तीन वर्षं एकच शब्द लिहिला होता : निरंक. कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ, कळवण्याजोगं काही नाही. जमीन, शेअर, संस्थांची पदं, बाहेरचं मानधन, सगळीकडे निरंक. पाचव्या रकान्यात विचारलं होतं, सल्लागारांच्या कुटुंबातल्या कुणाचा शासनाच्या कामाशी व्यावसायिक संबंध आहे काय. तिथेही निळ्या शाईत, उजवीकडे किंचित झुकलेल्या अक्षरात, तेच.

आता त्या तीन कागदांच्या छायाप्रती विधानसभेच्या एका समितीपुढे होत्या. ना मतदारांनी निवडलेली, ना परीक्षा देऊन आलेली माणसं शासनाला सल्ला देतात, तेव्हा त्यांचे बाहेरचे लागेबांधे कोण पाहतं, हे समितीला तपासायचं होतं. नगररचनेचे सल्लागार अच्युत टेंभेकर यांची साक्ष सकाळी होती. त्यांच्या स्वीय सहायक वनमाला उमरेडकर यांची त्यानंतर. टेंभेकरांची मुलगी रूपाली हिच्या कंपनीला नव्या राजधानीतल्या उद्यानांच्या आराखड्याचं काम मिळालं होतं, आणि ज्या टिपणीवरून ते मिळालं तिच्याखाली टेंभेकरांची शिफारस होती.

निघण्याआधी शाखा अधिकारी सुशीलने वनमालाबाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला.

"दीदी, दोनच ओळी आहेत. सही मारा अन् समितीत देऊन टाका."

त्यांनी वाचलं. उपरोक्त घोषणापत्रांतील त्रुटी लिपिकीय असून ती माझ्याकडून अनवधानाने झाली आहे. माननीय सल्लागार महोदयांना तिची कल्पना नव्हती.

"मले काय होईल मग?"

"काय होते? साधी ताकीद. अकरा महिने राहिले तुमचे. जायच्या दिवशी हार घालू, फोटो काढू, समोसे मागवू. हव?"

"अन् नाही केली सही तं?"

"तं विभागीय चौकशी. मग हारही नाही अन् पेन्शनही लटकली. काहून जीव जाळून राहिल्या तुम्ही? खून केला काय कोणाचा? आपल्या हापिसात निरंक लिहिणं म्हणजे जिन्यावर नमस्ते करणं आहे, दीदी. सामने कोण आहे, पाहते काय कोणी?"

वनमालाबाईंना हसू येईल असं वाटलं. आलं नाही. त्यांनी कागदाची घडी पर्समध्ये ठेवली. "गाडीत वाचते."

"वाचायचं काय आहे त्याच्यात!" सुशील म्हणाला.

दात काढण्याआधी सुई दिली की गाल आपला राहत नाही. बोटाने दाबला तर बोटाला कळतं, गालाला नाही. समितीची नोटीस आल्यापासून वनमालाबाईंचं सबंध असणंच तसं झालं होतं. चहाचा घोट घशाखाली जात होता आणि तो गरम आहे हे त्यांना केवळ ठाऊक होतं.

लहानू ड्रायव्हरने गाडी काढली. नेहमीप्रमाणे त्या पुढे बसल्या, सर मागे. तेलीबांध्याच्या तळ्यावर ऊन असं पडलं होतं की पाण्याचा रंगच उरला नव्हता. त्यापुढे रस्ता रुंद होत गेला, दुभाजकावरची झाडं एकसारख्या अंतराने येऊ लागली.

"सुशीलने कागद दिला ना, वनमालाबाई?"

"दिला सर."

"मी काही सांगणार नाही. तुम्ही समजदार आहात." थोड्या वेळाने ते म्हणाले, "रूपाली फार घाबरली आहे. जेवत नाहीये पोट्टी."

"हो सर."

टेंभेकर वाईट नव्हते, आणि वनमालाबाईंना तीच अडचण वाटे. त्यांचे यजमान नरहर गेले तेव्हा हा माणूस तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरून त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी येऊन बसला होता. बोलत काहीच नसे. अर्धा तास बसून, चपला घालून जाई. त्या दिवसांतला तेवढाच अर्धा तास वनमालाबाईंना आकार असलेला वाटायचा, बाकी काळ नुसताच सांडलेला. त्या ऋणाला कुठला रकाना असतो, त्यांना माहीत नव्हतं.

पण कागदावर 'अनवधानाने' असं लिहिलं होतं.

पहिल्या वर्षी ते खरं होतं. सर कोऱ्या घोषणापत्रावर सही करून दिल्लीला गेले होते, "भरून टाका" म्हणून, आणि त्यांनी जुन्या सल्लागारांच्या फाइलीतली प्रत पाहून भरलं होतं. दुसऱ्या वर्षीपर्यंत कंपनी निघाली होती. उद्घाटनाचं निमंत्रण त्यांनीच टाइप केलं होतं. पूजेला त्या गेल्या होत्या, मोतिया रंगाची साडी नेसून. रूपालीने वाकून नमस्कार केला होता. प्रसादाच्या पेढ्यांचा खोका त्यांनी ऑफिसात आणला, त्यावर हिरव्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून तोच खोका घोषणापत्रावर ठेवून त्यांनी पाचव्या रकान्यात निरंक लिहिलं.

आणि तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं होतं. सही झालेल्या कागदावर पेनचं टोक टेकवून, "सर, पाचव्यात?" सरांनी कागदाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. "मागल्या वर्षीसारखंच राहू द्या," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

हे दोघांनाच ठाऊक होतं. सांगितलं तर सर जाणार होते. पण सांगायचं तर त्याआधी स्वतःबद्दल सांगावं लागणार होतं की मलाही माहीत होतं. अनवधानाच्या त्या एका शब्दाखाली दोघंही कोरडी उभी राहू शकत होती.

सरांची साक्ष पाऊण तास चालली. त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. दार उघडलं, सर बाहेर आले, मानेनेच "जा" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याची शांतता होती.

आत समितीच्या सभापती मध्ये बसल्या होत्या, सत्तरीच्या, गावाकडच्या मतदारसंघातून चौथ्यांदा निवडून आलेल्या बाई. पदर डोक्यावर, समोर छायाप्रती. दोन्ही बाजूंना चार सदस्य. एक जण मोबाइल पाहत होता.

"ये लिखावट किसकी है?"

"मेरी है, मैडम."

"और दस्तखत?"

"सर के."

सभापतींनी कागद जवळ धरला, लांब धरला. "पहले क्या हुआ? लिखा पहले गया, कि दस्तखत पहले हुए?"

हा प्रश्न वनमालाबाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. सुशीलच्या दोन ओळींत त्याचं उत्तर नव्हतं.

"दस्तखत पहले."

"तीनों साल?"

"तीनों साल."

मोबाइलवाल्या सदस्याने मान वर केली. "वाह! घोषणा ऐसी, कि घोषणा करने वाले को भी खबर नहीं. हमको तो नामांकन में बीवी के कंगन तक लिखने पड़ते हैं."

कुणी तरी हसलं. सभापती हसल्या नाहीत. "टेंभेकर जी अभी बोल के गए, बाबू लोगों की भूल है. आप बताओ, भूल है?"

पर्समध्ये घडी केलेला कागद होता. वनमालाबाईंचा हात पर्सच्या चेनवर होता आणि तो त्यांना दिसत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्या खरोखरच चूक शोधू लागल्या. चूक होते तेव्हा हात एकीकडे असतो आणि मन दुसरीकडे. त्यांनी दुसऱ्या वर्षीची ती दुपार उलटून पाहिली : पंखा, खोका, हिरवी अक्षरं, पेढ्याचा तुपकट वास. हात तिथेच होता. मनही तिथेच होतं, हाताच्या शेजारी, नीट बसलेलं. धैर्य वगैरे काही त्यांच्यात जागं झालं नाही. नसलेली वस्तू सापडत नाही, एवढंच झालं.

"नहीं मैडम," त्या म्हणाल्या. "भूल नहीं है. मुझे मालूम था."

"क्या मालूम था?"

"कि सर की बेटी की कंपनी है. निमंत्रण मैंने ही टाइप किया था."

"मालूम था, फिर भी निरंक लिखा?"

"जी."

"और उनको मालूम था, कि आप यह लिखती हैं?"

"तीसरे साल मैंने पूछा था, पाँचवें खाने में क्या लिखूँ. सर बोले, पिछले साल जैसा ही रहने दो."

सभापतींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ त्या वनमालाबाईंकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात दया नव्हती आणि राग असावा असंही वाटत नव्हतं. "बाई," त्या म्हणाल्या, "भूल बोल देतीं तो आप बच जातीं. समझ रही हो ना?"

"जी."

"किसी ने सिखा के भेजा है?"

"सिखाया तो उलटा था," वनमालाबाई म्हणाल्या, आणि मोबाइलवाला सदस्य पुन्हा हसला, या वेळी एकटाच.

सभापतींनी प्रतिवेदकाकडे वळून सांगितलं, "सब लिखिए. एक-एक शब्द." मग दारापाशी उभ्या शिपायाला, "टेंभेकर जी को वापस बुलाइए."

कॉरिडॉरमध्ये सर बाकावरून उठले. "झालं?"

"झालं सर."

पुढे काही बोलायच्या आत शिपायाने त्यांना आत बोलावलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. आत मोबाइल नेऊ नका, असं शिपाई म्हणाला, तेव्हा त्यांनी सवयीने तो वनमालाबाईंच्या हातात दिला आणि दार लागलं.

फोन वाजला. पडद्यावर रूपालीचं नाव होतं. सरांचा फोन त्या एरवीही उचलत. सर बैठकीत आहेत, सर जेवताहेत, सर पाच मिनिटांत करतील. त्यांनी उचलला.

"पापा?"

"मी आहे, रूपाली. वनमाला."

"आंटी! हो गया क्या? पापा बोले थे आंटी सब सँभाल लेंगी. मैं तो सुबह से मोबाइल हाथ में लेकर बैठी हूँ."

खिडकीबाहेर लॉनवर एक बाई पाइपने पाणी घालत होती. पाणी एकाच जागी पडत होतं आणि ती दुसरीकडेच पाहत होती.

"सगळं सांगितलं मी," वनमालाबाई म्हणाल्या.

"मतलब? क्या सब?"

"तुझी कंपनी मले माहीत होती ते. अन् तुझ्या बाबांना विचारलं होतं, तेही."

पलीकडून श्वास ऐकू आला, मग एकदम बारीक झालेला आवाज. "आंटी, आपने ऐसा क्यों किया? आप तो घर की हैं."

घरची असल्यामुळेच तीन वर्षं लिहिलं, असं म्हणता आलं असतं. "तू जेवून घे," त्या म्हणाल्या. फोन बंद झाला होता.

तो मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. लहानू एकदा येऊन विचारून गेला, गाडी लावू का, थांब म्हणाल्या. पाणी घालणारी बाई पाइप गुंडाळून गेली. एका जागी मात्र गवत बुडालेलंच होतं.

दार उघडलं तेव्हा सरांच्या हातात चष्मा होता. तो त्यांनी घातला नव्हता, त्यामुळे ते फार म्हातारे दिसले, आणि चुकीच्या दिशेला दोन पावलं चालून मग वळले. बाकापाशी येऊन उभे राहिले. वनमालाबाई उठल्या आणि फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण खिशात ठेवला नाही.

"कोणाचा होता?"

"रूपालीचा."

"काय म्हणत होती?"

"सगळं ठीक झालं काय म्हणून विचारत होती."

"मग?"

"नाही म्हटलं सर."

टेंभेकरांनी मान हलवली, एखादी माहिती मिळाल्यावर हलवतात तशी. मग ते बाकावर बसले. थोड्या वेळाने वनमालाबाईही बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून.