माझ्या हाताचं

रविवारी सकाळी उत्कर्ष आणि भैरवी धाराशिवात घर बघायला निघाले, तेव्हा दोघंही खुशीत होते. चहा पिता पिता भैरवीनं कसं घर हवं ते सांगितलं होतं. पाणी भरपूर हवं, दवाखाना जवळ हवा, कारण तिला दिवस गेले होते. आणि तळमजला हवा, कारण सासूबाईंचे गुडघे दुखत.

सहा वर्षं ती दोघं डेन्मार्कमध्ये राहिली होती. उत्कर्ष पवनचक्क्यांचा इंजिनिअर. येरमाळ्याच्या माळावर नव्या पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या आणि त्या कामासाठी कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी इकडं पाठवलं होतं. आपल्याच जिल्ह्यात! बातमी कळली त्या दिवशी त्यानं माकणीला आईला फोन केला आणि म्हणाला, "आई, आता तू आमच्याबरोबर राहायचं. गावाबाहेरच्या वस्तीत नाही, शहरात. चांगल्या घरात."

डेन्मार्कमध्ये घर शोधताना त्यांनी नकाशा पुढ्यात घेतला होता. वाचनालय कुठं, सायकलचा रस्ता कुठं, एवढंच पाहिलं. घरमालकानं एकच विचारलं होतं, सिगारेट ओढता का?

धाराशिवात पहिल्या घरी मालक गेटपर्यंत हसत आले. खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली. मग म्हणाले, "बाकी सगळं ठीक. तुम्ही कुणापैकी?"

"आम्ही बौद्ध," भैरवी सहज म्हणाली.

मालकांचं हसू गेलं नाही, फक्त थोडं आखडलं. "असं का. आमचं तसं काही नसतं हो. पण पोरीचं लग्न निघालंय, पाहुण्यांना खोल्या लागतील."

दुसऱ्या घरी पाहुणे निघाले नाहीत, तर आजारी म्हातारी निघाली. तिसऱ्या घरी मालकीणबाईंनी दार लावून घेतलं. दुपारी घरं दाखवणारा एजंट शिवानंद गाडी सावलीला लावून म्हणाला, "सर, राग मानू नका. तुमचं आडनाव माकणीकर. त्यातून काय कळत न्हाय. त्यांनी विचारलं न्हाय, तर तुमी बी सांगू नका. लई सोपं जाईल."

उत्कर्षनं गाडीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "चला, पुढचं घर बघू."

पुढचं घर बाबूरावांचं होतं. ते सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, मूळचे तुळजापूरचे. वर ती दोघं नवराबायको, खाली भाड्याचं घर. अंगणात पारिजातक, मागं बोअरचं पाणी. बाबूरावांनी 'डेन्मार्क' ऐकलं आणि बायकोला हाक मारली, "शामला, अगं ही आपल्या अनिरुद्धसारखीच परदेशातली मुलं!" अनिरुद्ध त्यांचा एकुलता एक मुलगा, बायकोसह ऑस्ट्रेलियात. शामलाबाईंनी भैरवीच्या पोटाकडं मायेनं पाहिलं आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिथं कुणी काही विचारलं नाही, आणि घर ठरलं.

परतताना भैरवी म्हणाली, "आपण लपवलं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," उत्कर्ष म्हणाला. ते खरं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात उत्कर्षची आई विठाबाई राहायला आल्या. सामान लावून झाल्यावर उत्कर्ष आईजवळ बसला.

"आई, इथं कुणी आलं तर नुसता नमस्कार म्हण, हं."

विठाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि पिशवीतून काढलेली निळ्या कोटातली तसबीर परत लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

विठाबाईंचा स्वयंपाक वस्तीत नावाजलेला. पण वस्तीबाहेर त्यांनी एकदाच रांधलं होतं आणि तेही विटाळ ठरलं होतं. उत्कर्ष दुसरीत असताना माकणीच्या शाळेत खिचडी शिजवायला त्यांना नेमलं. पहिल्याच दिवशी गावातल्या आया शाळेत आल्या आणि पोरांना हाताला धरून घेऊन गेल्या. भरल्या पातेल्याभोवती वस्तीतली पोरं तेवढी उरली, त्यात उत्कर्षही. दुसऱ्या आठवड्यात विठाबाईंच्या हातातली पळी गेली आणि खराटा आला. त्यांनी पुढं कितीतरी वर्षं ते शाळेचं आवार झाडलं.

म्हणून शामलाबाई जेव्हा एका दुपारी खाली आल्या आणि आमटीच्या वासानं स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "काय घातलंय हो यात?" तेव्हा विठाबाई गडबडल्या.

"येसर हाय, बाई. घरचंच. धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं."

"माझी आई करायची. ती गेल्यापासून असा वास नाही आला. वाटीभर द्याल?"

विठाबाईंनी आमटी दिली. संध्याकाळी शामलाबाई रिकामी वाटी घेऊन आल्या, बोटं चाटल्याचं कौतुकानं सांगत. पुढं विठाबाईंनी त्यांच्यासाठी बरणीभर येसर केलं. बाजरी भाजताना त्या गुणगुणत होत्या. भैरवीनं सासूला गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दोघी बायकांचं सूत जमलं. दुपारी पारिजातकाखाली गव्हातले खडे निवडत बसायच्या. एकदा शामलाबाई डोळे पुसतच खाली आल्या. अनिरुद्धला तिकडं घर मिळत नव्हतं. एका मालकानं तोंडावर सांगितलं होतं, तुम्हा लोकांच्या स्वयंपाकाचा वास भिंतींत मुरतो. सुनेनं, इरानं, फोनवर रडून सांगितलं.

"एवढी शिकलेली माझी मुलं," शामलाबाई म्हणाल्या, "माणसानं माणसाला असं बोलावं?"

"न्हाय बोलू," विठाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे भरून आले होते. "पर तुमी जीव जाळू नका. एक दार मिटलं म्हनून सगळी न्हाईत मिटत."

भैरवी दारात उभी राहून हे ऐकत होती. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "आता सांगून टाकू या. त्यांना कळेल. नक्की कळेल."

"बाळंतपण होऊ दे," उत्कर्ष म्हणाला.

सातव्या महिन्यात शामलाबाईंनी डोहाळजेवणाचा घाट घातला. "माझी सून तिकडं लांब. हौस कुणाची करू? तुझीच करते," असं म्हणून हिरवी साडी आणली, आजूबाजूच्या बायका बोलावल्या. उत्कर्षनं माकणीला लिंबाजीमामांना फोन करून सांगितलं की कार्यक्रम छोटासाच आहे, तुम्ही नंतर सावकाश या. पण भाचसुनेचं डोहाळजेवण आणि मामानं घरी बसावं, हे लिंबाजीच्या मनाला पटलं नाही. डोक्यावर ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन तो भर कार्यक्रमात गेटापाशी उभा राहिला. बहीण दिसताच त्याचा चेहरा फुलला आणि त्यानं खणखणीत आवाजात हाक दिली, "जयभीम, आक्का!"

अंगणातल्या बायका वळून बघू लागल्या.

उत्कर्षनं आईकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. नुसती मान हलवली असती तरी कदाचित भागलं असतं; गावाकडचा गडी आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. विठाबाई पोराकडं बघत राहिल्या. मग भावाकडं पाहिलं. घामानं निथळणारा, हसणारा, डोक्यावर ओझं घेऊन आलेला सख्खा भाऊ.

त्या उठल्या, दोन्ही हात जोडले आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, "जयभीम, लिंबाजी. ये, आत ये." मग बायकांकडं वळून म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ हाय."

कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एकीला घरी दूध उतू जाईल याची आठवण झाली. दुसरीचं डोकं दुखू लागलं. ताटातल्या पुरणपोळ्या अर्ध्या राहिल्या. शामलाबाई ओटीचं तबक हातात घेऊन भैरवीसमोर उभ्या होत्या. त्यात खण, नारळ, तांदूळ. त्यांनी एकदा भैरवीच्या पसरलेल्या पदराकडं पाहिलं, एकदा वर गॅलरीत उभ्या असलेल्या बाबूरावांकडं. तबक त्यांनी हळूच खुर्चीवर ठेवलं आणि जिना चढून वर गेल्या.

भैरवी पदर पसरून तशीच बसून राहिली. शेवटी विठाबाईंनीच तो पदर तिच्या खांद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तेव्हा विठाबाई अंगण झाडत होत्या. शामलाबाई येसराची बरणी घेऊन खाली उतरल्या आणि बरणीसकट ती गाडीत टाकली. वळल्या तेव्हा समोर विठाबाई.

"तुम्ही मला फसवलंत," शामलाबाई म्हणाल्या.

"व्हय, बाई. सांगितलं न्हाय, ती चूक झाली," विठाबाई म्हणाल्या. "पर येसरात म्या काय फसवलं न्हाय. त्यात बाजरी हुती, गहू हुता, आन तुमची आई घालायची तसले धने हुते."

"आमच्याकडं देवधर्म असतो. तुम्हाला नाही कळायचं."

"तुमच्या लेकाला घर दिलं न्हाय तवा तुमी रडला. म्या बी रडले तुमच्यासंगं."

"ते वेगळं," शामलाबाई म्हणाल्या.

"काय वेगळं, ते तेवढं सांगा."

शामलाबाई वर गेल्या. दुपारी बाबूराव आले. नम्रपणे म्हणाले, की अनिरुद्ध परत येतोय, महिनाअखेर घर मोकळं करून द्यावं. भैरवीला पोलिसांत जायचं होतं. "काय सांगणार?" उत्कर्ष म्हणाला. "मुलगा येतोय, एवढंच ते म्हणालेत. मुलगा येणं काही गुन्हा नाही." असं म्हणून तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "आई, मी तुला माझ्याच घरात चोरासारखं ठेवलं."

विठाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्याच संध्याकाळी त्या लिंबाजीबरोबर माकणीला निघून गेल्या.

भैरवीनं ठरवलं, आता लपवायचं नाही. जडावल्या पायांनी ती गेटोगेटी फिरली. घर बघण्याआधीच सांगायची, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर दाखवा." कुणाची पोरगी लग्नाला आली, कुणाकडं रंगकाम निघालं. उत्कर्ष एकदा चिडून म्हणाला, "परत जाऊ डेन्मार्कला. तिथं आपण परके आहोत हे तरी धड माहीत असतं."

"तिथं परकं असणं मला चालतं," भैरवी म्हणाली. "इथं नाही चालणार."

अखेर कल्याणप्पा नावाच्या एका निवृत्त शिक्षकानं तिचं वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "ते असू द्या हो. इथं पाणी चार दिवसांनी येतं, ते चालेल का सांगा," म्हणाला आणि किल्ली हातावर ठेवली. घर जुनं होतं, दवाखान्यापासून लांब होतं. पण दिवाणखान्यात त्यांनी तसबीर लावली. आईसाठी दक्षिणेकडची खोली ठेवली.

विठाबाई आल्या नाहीत. "बाळ झालं की येते," म्हणत राहिल्या. मुलगी झाल्यावर त्या आल्या, दोन दिवस राहिल्या, नातीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. भैरवी सासूला म्हणाली, "आत्या, तुमच्या हातची येसर आमटी करा ना. कधीपासून मन झालंय."

विठाबाई नातीला थोपटू लागल्या. "माझ्या हाताचं कशाला, पोरी?" त्या हळू म्हणाल्या. "तूच कर. चांगलं हुतंय तुझं."

शाळेतली पळी हिसकावली, तेव्हा ज्या बाईनं घरी येऊन दुप्पट हौसेनं रांधलं होतं, तिनं आता चुलीकडं पाठ फिरवली होती. तेव्हा गाव तिला चाखल्यावाचूनच नको म्हणालं होतं. या वेळी एकीनं आवडीनं खाल्लं, मागून नेलं, आणि मग फेकलं. माकणीतही विठाबाई शेजारणीनं दिलेल्या भाकरीवर दिवस काढत, असं लिंबाजीनं नंतर सांगितलं. थंडीत छातीत कफ धरला. त्यांनी मुलाला कळवू दिलं नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. दक्षिणेकडच्या खोलीतली गादी कुणी निजल्याशिवायच गुंडाळली गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला भैरवी मुलीला कडेवर घेऊन मंडईत गेली होती. मेथीच्या ढिगापाशी शामलाबाई भेटल्या. तोंड चुकवायला जागा नव्हती. शामलाबाई वाळल्यासारख्या दिसत होत्या. बाळाकडं बघून त्यांचा हात नकळत पुढं झाला आणि मध्येच थांबला.

"विठाबाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"त्या गेल्या. पौषात."

शामलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. "अगं, मला कळवायचं होतंस ना!"

"कळवलं असतं तर आला असतात?" भैरवीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "माकणीला, आमच्या वस्तीत? आमच्या घरात सतरंजीवर बसला असतात? लिंबाजीमामांनी केलेला चहा घेतला असतात?"

शामलाबाईंचे ओठ हलले. 'हो' म्हणावं असं त्यांना फार वाटत होतं. मंडईतली माणसं त्यांना धक्के देत पुढं जात होती.

भैरवी उत्तरासाठी थांबली. टोचून बोलायचं म्हणून नव्हे. तिला खरंच ते उत्तर ऐकायचं होतं. मग ऊन चढलं, पोर किरकिरू लागलं, तेव्हा तिनं टोपडं सारखं केलं आणि घराची वाट धरली.