नानांच्या रेडिओंचा शनिवार

दांसोआने फळ्यावरची तारीख पुसली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तिसऱ्यांदा पुसत होती ती. 'जुन्या रेडिओंचं प्रदर्शन, शाळेचा हॉल, शनिवार' एवढं राहिलं, आणि तारखेच्या जागी खडूचा पांढरा डाग.

सुहुम गावात रेडिओ जमवणारी माणसं अवघी नऊ, आणि दांसोआ त्यांची चिटणीस. नऊ जणांचं प्रदर्शन भरवायचं म्हणजे असं काय मोठं! पण हॉल मिळायचा तो शनिवारी, आणि शनिवार हा गावात मयतांचा वार. माणूस गेलं की त्याला बर्फात ठेवायचं आणि जमेल त्या शनिवारी थाटात कार्य करायचं, अशी इथली रीत. पहिल्या वेळी ठरवलेल्या खुर्च्या आणि मांडव एका मयताच्या कार्याला गेले. दुसऱ्या वेळी नवांतले पाच जण काळी वस्त्रं नेसून परगावी मयताला गेले. आणि आता दांसोआच्याच नवऱ्याच्या मावशीच्या सासूचं कार्य निघालं होतं.

"न जाऊन कसं चालेल?" नवरा म्हणाला. "उद्या आपल्याकडे कुणी गेलं, तर कोण येईल?"

तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून ती नवांतल्याच नाना अमोआबेंगना सांगायला गेली. कोकोच्या गोदामातून निवृत्त होऊन नानांना वीस वर्षं झाली होती. घरात ते आणि बारा रेडिओ. छप्पर गळायचं, म्हणून रेडिओंवर प्लास्टिक आणि नानांच्या खाटेवर नुसतीच बादली.

"आलीस? बघ, पॅन्टला इस्त्रीसुद्धा केली!"

"नाना, या शनिवारी नाही जमत."

पुसायचं फडकं नानांच्या हातातच राहिलं. "कोण गेलं?"

"यांच्या मावशीची सासू."

"तू पाहिली होतीस तिला?"

"नाही."

"तिने तुला?"

"नाही, नाना."

"मग बरीच घसट होती म्हणायची तुमची!" नाना हसले आणि हसता हसता खोकत बसले. खोकला लवकर थांबेना. "बर्फात ठेवून किती दिवस झाले तिला?"

"दोन महिने."

"म्हणजे थांबायची सवय झाली असेल. अजून एक शनिवार थांबली असती बाई. मला कुठे कुणी बर्फात ठेवलंय?"

"असं नका ना बोलू! लोक काय म्हणतील, याचाही विचार करावा लागतो."

"लोक जेवतात, नाचतात आणि घरी जातात, पोरी. आपण गेलो नाही तर खुर्ची मोकळी राहते, एवढंच. इथे माझ्या घरात एक खुर्ची आहे. तिच्यावर शेवटचं कोण बसलं, ते तूच सांग."

दांसोआने खाली पाहिलं. महिन्यापूर्वी तीच बसली होती.

नानांनी सगळ्यांत मोठ्या लाकडी रेडिओचं बटण फिरवलं. "देश स्वतंत्र झाला, ते मी याच्यातून ऐकलं. याला घाई चालत नाही. आतले दिवे तापू द्यायचे." काचेमागे हळूहळू पिवळा उजेड आला. नानांनी पेटीच्या मागे हात घातला, कुठेतरी अंगठा दाबला, आणि रेडिओ घसा साफ करून बोलायलाच लागला! पाठीवरच्या तान्हीने आनंदाने पाय झाडले.

"कुठे दाबलंत, नाना?"

"ते प्रदर्शनात सांगणार. आत्ताच सांगितलं, तर तुम्ही येणार कशाला?" नानांचे डोळे चमकले. "दहा माणसं खुर्च्यांवर बसून हा तापायची वाट पाहताहेत, एवढं बघायचंय मला. बस."

"पुढच्या महिन्यात नक्की, नाना. शेवटचा शनिवार."

मयताच्या मांडवात बसल्यावर तिने मावशीच्या सासूचं नाव भिंतीवरच्या फलकावरून वाचून घेतलं.

पंधरा दिवसांनी नाना गेले.

त्यांचं कार्य दोन महिन्यांनी, शनिवारी झालं. छप्पर नवं घातलं होतं. भिंतींना गुलाबी रंग दिला होता. तीनशे खुर्च्या, आणि एकही रिकामी नाही! रेडिओ जमवणारे उरलेले सगळे आले, एकजात सगळे. काही दिवस आधी नानांचा भाचा ओसेई शाळेत येऊन म्हणाला होता, "मॅडम, मामांचे रेडिओ मांडायचेत. लोकांना आवडेल." लेस लावलेल्या टेबलावर बारा रेडिओ ओळीने मांडले होते. प्रदर्शन भरलं होतं!

दांसोआने गाण्यांचे कर्णे एक मिनिट बंद करायला लावले. मोठ्या रेडिओचं बटण फिरवलं. दिवे तापले, पिवळा उजेड आला. तिने मागे हात घातला. इथे दाबलं, तिथे दाबलं. पेटी मुकीच.

"मामा कसं करायचे?" ओसेईने विचारलं.

"तुम्ही कधीच पाहिलं नाहीत?"

"शनिवारी यायचं म्हणायचो. पण शनिवारी कुठे ना कुठे मयत असायचंच." कर्णे पुन्हा सुरू झाले.

गुन्हेगार तो एकटा नव्हता! तारीख पुसणारा हात दांसोआचा होता. तान्हीला छातीशी घेऊन ती मांडवामागे कितीतरी वेळ रडली. पण रडण्याने आता अंगठ्याची ती जागा सापडणार नव्हती.

पुढच्या शनिवारी नवऱ्याने काळं वस्त्र काढलं. ती म्हणाली, "तुम्ही जा. मी हॉलवर जाते."

चाळीस खुर्च्या मांडल्या. माणसं आली तीन. चौथा ओसेई, मोठी पेटी छातीशी धरून. पेटी गप्प होती, तरी त्याने ती टेबलावर ठेवली. मग त्या तिघांतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ओफोसुआ आजींनी आपला छोटा रेडिओ लावला.

"आजी, हा चालवता कसा? आम्हाला आत्ताच सांगा," दांसोआ म्हणाली.

ओसेईने आपली खुर्ची पुढे ओढली.

वाचकहो, मेलेल्याला मान देऊ नका, असं कोण म्हणेल? पण तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या ओळखीत कुणीतरी असं आहे, ज्याच्या कार्याला आपण कामधंदा सोडून नक्की जाणार आहोत. त्याच्याकडे आज जा. दार तो स्वतः उघडतोय, तोवर जा.