न दिसणाऱ्या कामाचा फोटो

रफूच्या दुकानाची वेबसाइट काढायची हे खूळ धाकटीच्या डोक्यात शिरलं, तेव्हा थोरलीच्या हातात एका शालीचं टोक होतं आणि दातांत दोरा.

"काढायची म्हणजे नक्की काय करायचं?" तिने दोरा न सोडताच विचारलं.

"आपलं दुकान लोकांना फोनवर दिसेल. कुठूनही, कधीही."

"आणि आपण घरी गेल्यावर तिथे कोण बसणार?"

"कोणी बसायचं नसतं, जाऊबाई."

"बघ बाई," थोरली म्हणाली आणि पुन्हा शालीत मान घातली.

दोघी सख्ख्या जावा. दुकान मूळ थोरलीचं. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मध्ये यांची अरुंद खोली. काचेचा दरवाजा, खिडकीपाशी टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा. फाटलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं कापड थोरली असं भरून काढायची की भोक नेमकं कुठे होतं, हे गिऱ्हाइकाला तिलाच दाखवून द्यावं लागे. धाकटी काउंटर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जगाच्या चौकशा करायची. बसचा थांबा पुलापलीकडे गेल्यापासून हा उरलेला वेळ फारच वाढला होता.

"आधी शटरला तेल घाला, मग जगाला दुकान दाखवा," असं तिचा नवरा म्हणाला. तिने शटरला तेल घातलं आणि वेबसाइटही सुरू केली.

पहिली अडचण नावाची. 'रफू' हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं.

"कोणी? आपल्यासारखंच दुकान आहे का?" थोरलीने सुई थांबवली.

धाकटीने उघडून बघितलं. मांजरांच्या गळ्यातले पट्टे विकणारं दुकान होतं ते. मालकिणीच्या मांजराचं नाव रफू.

"कसं आहे मांजर?"

"करडं. पोटावर पांढरा ठिपका."

"मग राहू दे त्यालाच," थोरली म्हणाली. यांच्या दुकानाचं नाव झालं 'बारीकरफू'.

पुढे तयार पानं मिळाली. त्यांवर कोणी अनोळखी माणसं कप हातात धरून उगाचच हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'येथे आपल्या व्यवसायाविषयी लिहा.'

"काय लिहू?"

"लिही, आम्ही रफू करतो."

"पुढे?"

"पुढे काय? नीट करतो."

खरी पंचाईत फोटोंनी केली. एक राखाडी लोकरी कोट आला होता, खिशाखाली नखाएवढं भोक पडलेला. धाकटीने भोकाचा फोटो काढला. काम झाल्यावर पुन्हा त्याच जागेचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिली. पहिल्यात भोक होतं. दुसऱ्यात नुसता कोट. नव्या कोटाचाही फोटो असाच आला असता.

"जाऊबाई, जरा वाईट नाही का करता येणार?"

थोरलीने चष्म्यावरून असं काही बघितलं की धाकटीने मुकाट्याने दोन्ही फोटो चढवून टाकले.

दोन दिवसांत पानाला बऱ्याच जणांनी भेट दिल्याचं दिसू लागलं. धाकटी हरखली. झेरॉक्सवाल्यालाही सांगून आली. मग तिच्या लक्षात आलं की ती स्वतः दर थोड्या वेळाने पान उघडून बघते, तेच तिथे मोजलं जातंय.

"म्हणजे आपणच बाहेर जाऊन आपल्या दाराची कडी वाजवायची," थोरली म्हणाली, "आणि आत येऊन विचारायचं, कोण आहे!" तिला इतकं हसू आलं की सुई खाली ठेवावी लागली.

पहिला खरा निरोप आला तो असा: 'दुसरा फोटो वेगळ्या कोटाचा आहे. लोकांना फसवू नका.'

खाली नाव नाही, गाव नाही. धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शंकासुर मेला! घरबसल्या दुसऱ्यांच्या खोड्या काढायच्या, दुसरं काम नाही!"

"पुन्हा वाच," थोरली म्हणाली.

"कशाला?"

"वाच तर."

धाकटीने वाचलं. थोरलीचा चेहरा उजळला होता. "अगं, त्याने जागा शोधली. सापडली नाही, पण शोधली. लोक बघतात, 'वा' म्हणतात, अंगात घालून निघून जातात. इतक्या वर्षांत असं शोधत कोणी बसलं नव्हतं. कोण असेल गं?"

त्यांनी उत्तर धाडलं की कोट तोच आहे. लगेच पुढचा प्रश्न आला: 'मग धागा कुठून आणला? बाजारातला धागा एवढा जुळत नाही.'

"हुशार आहे शंकासुर," थोरली म्हणाली. "लिही, कोटाच्याच आतल्या दुमडीतून उपसला."

धाकटीने उलट्या बाजूचा फोटोही पाठवला. उत्तर आलं: 'आतली बाजू कुठल्याही कोटाची असू शकते.'

आता धाकटीलाही चेव आला. त्या आठवड्यात एका मास्तरांची निळी पँट आली, बाकाच्या खिळ्यात अडकून फाटलेली. काम अर्धं झालं तसं तिने थोरलीचा हात धरला. "थांबा. हलवू नका." सुई कापडातच होती. डावीकडे सलग कापड, उजवीकडे अजून भोक आणि त्यावर ताणलेले उभे धागे, जणू तार लावायला घेतलेलं वाद्य. तो फोटो बघितल्यावर कोणालाही कळलं असतं की ही दोन कापडं नाहीत.

'आता पटलं,' शंकासुराने लिहिलं. 'माझा शब्द मागे. टोकं कशी बंद करता? गाठ मारून की परत फिरवून?'

मग रोजचंच झालं. दुपारचा डबा उघडायच्या सुमाराला एक प्रश्न यायचा. रेशमाला सुई कुठली? जुनं कापड धुऊन घेता की तसंच? धाग्याचा पीळ उलटा निघाला तर? थोरली घास हातात धरून विचार करायची, कधी कधी उत्तर देण्याआधी चिंधीवर करून बघायची. धाकटी ऐकून ऐकून टाइप करायची. एक दिवस तिने ती कपवाली हसरी माणसं काढून टाकली आणि त्यांच्या जागी हे सगळे प्रश्न आणि उत्तरं लावली. नुसतं बसून लिहायचं म्हटलं असतं तर तिला यातलं एक वाक्य सुचलं नसतं. हळूहळू दुसरेही वाचू लागले. पुलापलीकडून एक बाई पडदा घेऊन आल्या. मग दूरच्या कुठल्याशा शहरातून टपालाने एक जुना फेटा आला, 'तुम्ही पिळाविषयी लिहिलंय ते वाचलं' अशी चिठ्ठी लावून.

आणि एक दिवस आली चपटी पुडी. आत हिरवट रंगाचं कापड, हातरुमालाहून थोडं मोठं, आणि एक ओळ: 'यात एके ठिकाणी रफू आहे. सापडते का जागा?'

थोरलीने कापड खिडकीशी धरलं. दिव्याखाली धरलं. भिंग लावलं. उलटं करून बोटांनी चाचपलं, डोळे मिटून चाचपलं. काही नाही.

"नसेलच," धाकटी म्हणाली. "आपली मजा बघतोय तो."

"नसतं तर पाठवलं नसतं."

शेवटी थोरलीने कापड पाण्यात बुडवलं, पिळलं आणि खिडकीच्या दांडीला अडकवलं. "वाळताना तरी बोलेल."

दोघी समोर स्टुलांवर बसल्या. मास्तर इतक्या दिवसांनी पँट न्यायला आले, त्यांनी विचारलं काय चाललंय. "कापड वाळतंय," धाकटी म्हणाली. मास्तरही जरा वेळ उभे राहून बघत राहिले, मग पँट घेऊन गेले.

कापड फिकं होत गेलं. खालच्या कडेपासून थोडं वर मात्र बोटाच्या पेराएवढा ठिपका गडदच राहिला. तिथे धाग्यांची दाटी जास्त, म्हणून त्याने पाणी धरून ठेवलं होतं. थोरलीने कापड उतरवलं. जागा माहीत झाल्यावरसुद्धा डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"हे माझ्याहून चांगलं आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात जळफळाट नव्हता. आपण घरात एकटेच आहोत असं धरून चालावं आणि पलीकडच्या खोलीतून कोणी खाकरावं, तशी ती चमकली होती. "विचार, हा हात कोणाचा?"

उत्तर एका शब्दाचं होतं: 'माझा.'

धाकटीने सगळे जुने निरोप पुन्हा काढून वाचले. कुठेही 'करतो' नव्हतं, 'म्हणालो' नव्हतं. शंकासुर पुरुष आहे हे या दोघींनीच ठरवून टाकलं होतं. तिने दुकानाचा नंबर लिहून पाठवला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"मी बोलतेय," पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "ओलं केलंत ना? मला वाटलंच."

बाई कापडाच्या कारखान्यात होत्या. मागावरून उतरलेल्या नव्या कापडात कुठे धागा सुटायचा, कुठे गाठ यायची. असं कापड बाजारात जाण्याआधी एका वेगळ्या खोलीत यायचं. तिथे बायका रांगेने बसून ते भरायच्या.

"आमचं गिऱ्हाईक आम्ही कधी पाहिलंच नाही," त्या सांगत होत्या. "त्याला कळलं असतं तर कापड परतच आलं असतं. तुम्हाला पाठवलं ते तेव्हाचंच. आता जवळचं नीट दिसत नाही मला. पण फोनवरचा फोटो बोटांनी मोठा करता येतो. तुमचा कोट मी मोठा करकरून बघितला. म्हटलं, असलं काम आता कोण करतंय? म्हणून खोटं म्हटलं."

"मावशी," थोरली म्हणाली, "एकदा याल का?"

त्या पुढच्याच आठवड्यात आल्या, एकट्या, बसने. लहानखुऱ्या, जाड काचांचा चष्मा, चालताना पुलाला आणि थांब्याला नावं ठेवत. थोरलीने आपली खुर्ची दिली. त्या बसल्या आणि पाणीही न पिता त्यांनी टेबलावरच्या कामावरून बोट फिरवलं.

"इथे ओढलंयस."

"कुठे?"

"इथे. घाई झाली होती का?"

थोरलीने वाकून बघितलं, चाचपलं, पुन्हा चाचपलं. "हो," ती म्हणाली. "त्यावेळी वीज जाईल असं वाटत होतं." आणि तिने तेवढे धागे उसवले. धाकटी बघतच राहिली. तिच्या जावेला चूक दाखवून सुखरूप बसलेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

चहा होतोय तोच फोन किणकिणला. वेबसाइटवर नवा निरोप. धाकटीने मोठ्याने वाचला: 'काळं जाकीट आहे. कोपरावर फाटलंय. रफू पिवळ्या धाग्याने कराल का? फाटलं होतं हे दिसायला हवंय मला.'



"वेडं आहे का कोणी?" मावशी म्हणाल्या. "जन्म गेला लपवण्यात, आणि हे म्हणतंय दाखवा."

"पण का?" थोरलीने कप खाली ठेवला. "विचार गं, का दिसायला हवंय?"

उत्तर यायला वेळ लागला नाही: 'मी चाळिसाव्या वर्षी सायकल शिकले. त्या दिवशी पडले तेव्हा फाटलं. पण थांबले नाही, घरापर्यंत चालवत आले.'

थोरलीने डब्यातून पिवळ्या धाग्याचं रीळ काढलं. चिंध्यांतून एक काळा तुकडा ओढला, त्याला कात्रीने भोक पाडलं आणि उभे धागे घालायला घेतले. चार-पाच धागे झाले तसं तिच्या लक्षात आलं. "मावशी, हे अवघड आहे हो. एकूण एक धागा दिसतोय. जरासा वाकडा गेला तरी चारचौघांत उभा!"

"दे इकडे." मावशींनी तुकडा डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "अगं, हे दिसतंय मला!" त्या म्हणाल्या. "हे मला चांगलं दिसतंय." त्यांनी सुईसाठी हात पुढे केला. थोरलीने सुई ओवून दिली. पहिला आडवा धागा त्यांनी हळू घातला, दुसरा जरा जोरात.

धाकटीने 'पाठवून द्या' असं लिहून टाकलं आणि दोघींच्या खांद्यांमधून मान घातली.

"फार भडक नाही ना होत?" तिने विचारलं.

"भडकच हवंय तिला," थोरली म्हणाली.

"पुढची बस कितीला आहे?" मावशींनी वर न बघता विचारलं.

"अर्ध्या तासाने."

"मग केशरी आहे का बघ. तोही एक करून बघू."