फुमिएची काठी

वादळ बेटाला वळसा घालून पुढे गेलं होतं, पण समुद्राचा राग उतरला नव्हता. फुमिएने आपल्या केस कापायच्या दुकानाला सकाळीच कुलूप घातलं, खिळ्यांचे बूट चढवले, लाइफ जॅकेट आवळलं आणि गळाची काठी उचलली.

नवरा दुखरे गुडघे चोळत बसला होता. "लाटेकडे पाठ करू नकोस," तो म्हणाला. "आणि गेन्झो काही बोलला तर?"

"बोलू दे. तोंड त्याचं, मासा माझा."

गेन्झो गावातल्या गळवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख. वसंतात फुमिएने मंडळात नाव घालायला सांगितलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला होता. "वहिनी, तुम्ही आपल्या धक्क्यावर बसून बारके मासे धरा. सुझुकी मासा खवळलेल्या पाण्यात येतो, खडकावर फुटणाऱ्या फेसात. ते बाईमाणसाचं काम नाही." त्यानंतर उन्हाळाभर ती रिकाम्या किनाऱ्यावर गळ फेकत राहिली. खांदे भरून यायचे, तरी फेकायची.

भूशिरावर गेन्झो दोन सोबत्यांसह उंच खडकावर आधीच उभा होता.

"अहो वहिनी, मागे फिरा! वाहून गेलात तर उडी कोण मारणार?"

"तुम्हाला सांगितलंय कोणी? आणि जपून बोला भावोजी, शनिवारी दाढीला माझ्याकडेच याल. वस्तरा माझ्या हातात असतो!"

सोबती खो खो हसले. गेन्झोचे कान लाल झाले.

फुमिए बराच वेळ नुसती लाटा बघत राहिली. लाट पायथ्याशी फुटते, पण वर चढत नाही, असा एक कट्टा तिने हेरला. तिथून गळाला आमिष म्हणून लावलेली लाकडी मासोळी फेसाच्या कडेला फेकली. रिकामी आली. पुन्हा फेकली. पुन्हा रिकामी. वाऱ्याने डोळ्यांत खारं पाणी मारलं.

मग काठीला असा हिसका बसला की फुमिए गुडघ्यांवर आली. फेसातून चंदेरी अंग उसळलं, डोकं झाडलं आणि पुन्हा पाण्यात गेलं.

गेन्झो धडपडत खाली उतरला. "काठी इकडे द्या! ओढल्या जाल!" त्याने हात घातलाच.

"हात काढा."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"हात काढा म्हणते ना! मासा काढायला जाळं धरायचं तर धरा, नाहीतर वर जा."

तो गुरगुरत वर गेला. तेवढ्यात पाण्याची भिंतच आली. फुमिएने दोर सैल सोडला, मागे सरली आणि खडकाला मिठी मारली. पाणी कमरेपर्यंत आलं, ओरबाडत परत गेलं. दोर पुन्हा ताठ झाला. मासा अजून गळालाच होता! पुढच्या लाटेने त्याला उचललं, त्याच लाटेवर तिने तो कट्ट्यावर ओढून घेतला आणि कल्ल्यात बोटं खुपसली. तिच्या हाताएवढा लांब. ती समुद्राकडे बघून मोठ्याने ओरडली, शब्दच नव्हते त्याला.

गेन्झो जवळ आला, माशाकडे बघत राहिला. "बरं. पुढच्या बैठकीत नाव घालतो तुमचं."

"नको," ती धापा टाकत म्हणाली. "तुमच्या बैठकीत बसून मी करू काय? फक्त उद्या या कट्ट्यावर उभे राहू नका. मी येणार आहे."

तिने मासा खडकाच्या खळग्यात ठेवला, गळ तपासला आणि काठी उचलून तो पुन्हा फेसावर फेकला.